गर्भावस्थेतील अतिवमन

गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत उद्भवणारा मळमळ व उलट्यांचा तीव्र विकार. वैद्यकात त्याला ‘हायपरएमेसिस ग्रॅव्हिडॅरम’ म्हणतात. दिवस राहिल्यावर दहांपैकी सात-आठ स्त्रियांना थोडीफार मळमळ होते. पण त्यांच्या पोटात काही ना काही टिकते आणि घरातली कामेही चालू राहतात. अतिवमनात पाण्याचा घोटही उलटून पडतो. शंभर गर्भवतींमागे साधारणपणे एक ते तीन जणींना हा विकार होतो. ‘डोहाळे कडक आहेत’ एवढे म्हणून घरात तो अंगावर काढला जातो आणि रुग्ण पार सुकून गेल्यावर दवाखाना गाठला जातो. विकारातले बरेचसे नुकसान या उशिरामुळे होते.

२०२१मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार लक्षणे सोळाव्या आठवड्यापूर्वी सुरू झालेली असावी लागतात, मळमळ किंवा उलटी यांपैकी एक तरी तीव्र असावी लागते, नेहमीसारखे खाणेपिणे अशक्य झालेले असावे लागते आणि रोजचे व्यवहार अडलेले असावे लागतात. गर्भारपणापूर्वीच्या वजनात पाच टक्क्यांहून अधिक घट, हा निकषही अनेक ठिकाणी वापरतात. केवळ लघवीतील कीटोनवरून तीव्रता ठरवणे मात्र आता योग्य मानले जात नाही. त्रास बहुधा चौथ्या ते सातव्या आठवड्यात सुरू होतो, नवव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोहोचतो आणि विसाव्यापर्यंत बहुतेकींचा ओसरतो. काहींची मात्र बाळंतपणापर्यंत सुटका होत नाही.

पोट रिकामे झाले तरी कोरडे उमासे येत राहतात. तोंडाला सतत लाळ सुटते. फोडणीचा किंवा भाताच्या वाफेचा वासही सहन होत नाही. लघवी कमी व गडद होते, उभे राहिल्यावर चक्कर येते. उलट्यांच्या जोराने अन्ननलिकेच्या अस्तराला चीर पडून रक्तही येऊ शकते. ताप, पोटात तीव्र दुखणे किंवा सोळाव्या आठवड्यानंतर प्रथमच सुरू झालेल्या उलट्या असल्यास मूत्रमार्गाचा संसर्ग, कावीळ, ॲपेंडिक्स, स्वादुपिंडाचा दाह अशी दुसरी कारणे शोधावी लागतात. सोनोग्राफीत जुळे किंवा द्राक्षगर्भ आहे का, हेही पाहतात. दोन्हींत अतिवमनाचे प्रमाण अधिक असते.

कारणांचा इतिहास क्लेशदायक आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, रुग्णाला मनातून मूल नको असते म्हणून ती ओकते, असा सिद्धान्त पाश्चात्त्य वैद्यकात रूढ होता. त्यापायी कित्येकींना नातेवाइकांपासून तोडून एकटे ठेवले गेले. या सिद्धान्ताला आधार नव्हता. वारेतून स्रवणाऱ्या एचसीजी या संप्रेरकाकडे पुढे बोट दाखवले गेले. त्याच्या प्रभावाने काहींच्या थायरॉइडची पातळी तात्पुरती वाढते, पण तेवढ्याने सगळा उलगडा होत नाही. निर्णायक धागा हाती आला तो जीडीएफ-१५ या प्रथिनाचा. १९९९मध्ये याच विकारात स्वतःचे गर्भारपण गमावलेल्या अमेरिकी संशोधक मार्लेना फेझो आणि केंब्रिजचे स्टीफन ओराहिली यांच्या गटांचे संशोधन डिसेंबर २०२३मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. गर्भ व वार यांतून हे प्रथिन आईच्या रक्तात मोठ्या प्रमाणात येते आणि मेंदूच्या तळाशी, उलटीवर ताबा असलेल्या भागावर काम करते. गर्भारपणापूर्वी ज्यांच्या रक्तात ते कमी असते, त्यांना या अचानक वाढीचा तडाखा अधिक बसतो. बीटा थॅलॅसेमियाच्या रुग्णांत ते आधीपासूनच भरपूर असते आणि त्यांना गर्भारपणात मळमळ फार कमी होते. आई किंवा बहिणीला हा त्रास झालेला असल्यास शक्यता वाढते, त्याचाही मेळ येथे बसतो.

उपचारांअभावी पोटॅशियम घसरते, मूत्रपिंडांवर ताण येतो, पडून राहिल्याने पायांच्या शिरांत गुठळ्या होऊ शकतात. सर्वांत घातक गुंतागुंत ‘वेर्निके’ या मेंदूविकाराची. शरीरातला थायमिनचा (बी-१ जीवनसत्त्वाचा) साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो; मग गोंधळ, डोळ्यांच्या हालचालींत बिघाड आणि चालताना तोल जाणे सुरू होते. अशक्त रुग्णाला आधी ग्लुकोज चढवल्यास उरलेसुरले थायमिनही खर्ची पडून हा विकार उसळतो. म्हणून आधी थायमिन, नंतर ग्लुकोज, हा क्रम कोणत्याही दवाखान्यात चुकता कामा नये. इंग्लिश कादंबरीकार शार्लट ब्रॉंटी १८५५मध्ये गर्भवती असताना वारल्या. मृत्यूच्या नोंदीत क्षय असला, तरी अतिवमन हे कारण असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. बाळ कमी वजनाचे किंवा मुदतीपूर्वी जन्मण्याची शक्यता वाढते, विशेषतः आईचे वजन पुरेसे वाढले नाही तर. नैराश्य, आघाताच्या खुणा, हवेहवेसे गर्भारपण संपवण्याची वेळ, हेही परिणाम नोंदले गेले आहेत.

उपचारात डॉक्सिलामिन व पायरिडॉक्सिन (बी-६) यांची एकत्र गोळी प्रथम देतात. थॅलिडोमाइडच्या शोकांतिकेनंतर (१९५७ ते १९६१) गर्भवतीला औषध देण्याची भीती जगभर बसली. तिच्या छायेत आणि खटल्यांच्या भाराने ही गोळीही १९८३मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेली, जन्मजात व्यंगाचा पुरावा नसताना. २०१३मध्ये तिला तेथे पुन्हा मंजुरी मिळाली. प्रोमेथाझिन, प्रोक्लोरपेराझिन व मेटोक्लोप्रमाइडही वापरतात. मेटोक्लोप्रमाइड स्नायूंच्या आचक्यांमुळे थोडेच दिवस देतात. ऑनडान्सेट्रॉन पहिल्या तिमाहीत घेतल्यास ओठ-टाळू दुभंगण्याचा धोका दहा हजारांत सुमारे तीनने वाढल्याचे आढळले आहे. एवढ्या लहान धोक्यापायी गंभीर रुग्णाला ते नाकारणे बरोबर नव्हे. सर्व उपाय थकल्यावर स्टेरॉइड. शुष्कता असल्यास शिरेतून सलाइन व पोटॅशियम, आणि दाखल रुग्णाला गुठळ्या टाळणारे इंजेक्शन देतात. खाणे थोडे, वारंवार आणि रुग्णाला चालेल तेच. आले सौम्य मळमळीत उपयोगी पडते, अतिवमनात त्यावर विसंबता येत नाही. लोहाच्या गोळ्या त्रास वाढवत असतील तर पहिल्या तिमाहीत त्या थांबवून फॉलिक ॲसिड चालू ठेवतात. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमांतर्गत (२०११) सरकारी रुग्णालयांत गर्भवतीच्या तपासण्या, औषधे व वाहतूक मोफत आहे.

पुढच्या गर्भारपणात विकार पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते. पूर्वी तो झालेल्या स्त्रीने दिवस राहताच, उलट्या बळावण्याआधीच, डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध सुरू केल्यास तीव्रता कमी राहू शकते.