माग थांबले तेव्हा

1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला, हे आपल्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. जहागीरदार नारायणराव घोरपड्यांचं पाठबळ होतं, हेही ठाऊक. पण त्या मागांनी आपल्या पिढीच्या प्रेमाचं काय केलं, हा इतिहास कुणी लिहिला नाही.

घरोघरी माग, गल्लीत कुजबुज अशक्य. ‘वही देतेस का?’ हेसुद्धा ओरडूनच विचारायचं. (बाई, वर्गातला आपला गोंगाट त्या सवयीचा!) दहावीत वर्गातल्या एकाने खडखडाटाच्या भरवशावर आमच्या दारात येऊन जिवाच्या आकांताने सांगितलं, ‘तू मला आवडतेस!’ नेमकी तेव्हाच वीज गेली. सगळे माग थांबले, सगळ्या गल्लीने ऐकलं. आई कांड्या भरत होती. तिने मान वर न करता विचारलं, ‘गणितात किती पडले रे तुला?’

बत्तीस पडले होते. जूनपासून तो रातपाळीला, मी अकरावीला. सकाळी सातला त्याची पाळी सुटे, तेव्हा चौकात समोरासमोर येत असू. त्याच्या केसांत कापसाची पिंज, माझ्या हातात भौतिकशास्त्र. आजूबाजूला माग चालूच असत. तरी दोघंही कधी काही बोललो नाही.