मुद्दल मोडायचे नाही : ‘मॅकटीग’ कादंबरी आणि ‘ग्रीड’ चित्रपटावर भाष्य

फ्रँक नॉरिसची ‘मॅकटीग’ ही कादंबरी १८९९ साली आली. एरिक फॉन स्ट्रोहाइमने तिच्यावर केलेला ‘ग्रीड’ हा मूकपट डिसेंबर १९२४ मध्ये न्यूयॉर्कला लागला. लोभावर कादंबऱ्या उदंड आहेत आणि त्यांवरचे चित्रपटही. पण मूळ पुस्तकाला इतक्या हट्टाने चिकटून राहिलेला चित्रपट मला दुसरा माहीत नाही. आपल्याकडच्या ‘तुंबाड’ चित्रपटाने श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’मधून नावापलीकडे फारसे काही घेतले नाही. स्ट्रोहाइम अगदी दुसऱ्या टोकाचा. त्याला काहीच सोडायचे नव्हते.

कादंबरी मोठी आहे, आणि मूळ शब्द इथे उतरवायचे नाहीत. म्हणून कथेचा सांगाडा नऊ सूत्रांत बसवला आहे. सूत्रे माझी आणि त्यांवरचे भाष्यही माझेच; आपल्या शास्त्रकारांनी ही सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे.

१. खाणीतला पोरगा पोल्क स्ट्रीटवर दातांचा डॉक्टर झाला. पोटभर जेवण, बिअर, कन्सर्टिना आणि पिंजऱ्यातला कॅनरी एवढ्यावर त्याचे भागत होते.

लोभाची कथा निर्लोभी माणसापासून सुरू होते, ही नॉरिसची पहिली चतुराई. मॅकटीग अंगाने धिप्पाड आणि डोक्याने मंद. एका फिरत्या भोंदू दंतवैद्याच्या मागे हिंडून तो धंदा शिकला, पदवी नाहीच. त्याची एकच मोठी इच्छा : खिडकीबाहेर टांगायला सोन्याचा मुलामा दिलेला एक प्रचंड दात. हीही हाव आहेच, पण ती चारचौघांना दिसावी म्हणून केलेली. पुढे ज्या हावेशी आपली गाठ पडणार आहे ती दार लावून घेणारी आहे.

कथेचे बीज खऱ्या घटनेतले. १८९३ साली सॅन फ्रान्सिस्कोत साफसफाईची कामे करणाऱ्या एका बाईला तिच्या नवऱ्याने, ती पैसे देत नाही म्हणून, ती कामाला होती त्या बालवाडीतच ठार मारले. वर्तमानपत्रांनी प्रकरण गाजवले. फ्रेंच कादंबरीकार झोलाने भारावलेल्या तरुण नॉरिसला त्यात कादंबरी दिसली. त्याने तिची काही पाने हार्वर्डमध्ये शिकत असतानाच लिहिली.

खाणीतले बालपण कादंबरीत थोडक्यात उरकले आहे. स्ट्रोहाइमने त्यावर लांबलचक पूर्वकथा चित्रित केली. म्हणजे तो नुसता मुळाबरहुकूम चालत नव्हता, मुळात भरही घालत होता. ‘ओळ न् ओळ चित्रित करणारा दिग्दर्शक’ ही त्याची ख्याती इथेच जरा सैल पडते.

२. मॅकटीगशी लग्न ठरलेल्या ट्रीनाला सोडतीचे पाच हजार डॉलर लागले.

शंका : लोभ टंचाईतून जन्मतो ना? मग कादंबरीकार त्याची सुरुवात लाभातून का करतो?

समाधान : टंचाईत माणूस मागतो, आणि मागण्याला पोट भरले की अंत असतो. ट्रीनाच्या घरी उपासमार नव्हती. मॅकटीगच्या इमारतीत मोलकरीण असलेल्या मारियाकडून सहज म्हणून घेतलेले तिकीट लागले आणि राखण्यासारखे काहीतरी तिच्या हाती आले. ती आधीपासूनच हात राखून खर्च करणारी. नॉरिस याचे खापर तिच्या स्विस-जर्मन रक्तावर फोडतो. त्या काळच्या आनुवंशिकतेच्या वेडातून आलेले हे स्पष्टीकरण आज वाचवत नाही, आणि कथेला त्याची गरजही नाही.

याच सूत्रात मार्कस शूलरही येतो. ट्रीना त्याची नात्यातली. तिच्यावर आपलाही जीव असूनही त्याने ती आपल्या मित्रासाठी, मॅकटीगसाठी, सोडून दिली आणि स्वतःच्या या औदार्यावर तो बेहद्द खूश होता. पुढे सोडत लागली. जे पैसे कधी त्याचे नव्हतेच ते आपल्याकडून लुबाडले गेले, असे त्याला त्या दिवसापासून वाटू लागले. कधीच हातात न आलेल्या पैशाचा लोभ इतका बारकाईने रंगवलेला क्वचित सापडतो. चित्रपटात जीन हर्शोल्टने तो भडक केला आहे, तरी पटतो.

३. लग्न लागत होते तेव्हा बाहेरचा रस्ता आपल्या कामात होता.

कादंबरीत या प्रसंगी आवाज आहेत. रस्त्यावरून केबल कार जाते, पेपरवाला पोरगा ओरडत जातो, इमारतीत कुठेतरी कुणी करवतीने लाकूड कापत बसलेले आहे. जगाला या लग्नाशी काही देणेघेणे नाही, एवढेच नॉरिसला सांगायचे आहे, आणि ते करवतीच्या आवाजात येते. आता मूकपटात करवत ऐकवायची कशी? स्ट्रोहाइमने खिडकी उघडी ठेवली. पुढे वधूवर आणि पाद्री, मागे खिडकीतून दिसणारी प्रेतयात्रा. दोन्ही एकाच चौकटीत आणि दोन्ही स्पष्ट. हेस आणि लॅगूना या रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या खऱ्या इमारतीत चित्रण केल्यामुळे खिडकीबाहेर रंगवलेला पडदा नव्हता, खरा रस्ता होता. १९०६ च्या भूकंपानंतर जुना पोल्क स्ट्रीट उरला नव्हता, म्हणून ही जागा शोधावी लागली.

प्रेतयात्रेचे प्रतीक ढोबळ आहे. करवत त्याहून सरस, कारण करवतीला आपण कुणासाठी तरी अर्थपूर्ण आहोत याचा पत्ताच नसतो. पण चौकटीची रचना अशी आहे की पाहणाऱ्याची नजर पुढून मागे आणि मागून पुढे आपोआप जाते, आणि ढोबळपणा माफ होतो. एका माध्यमातले साधन दुसऱ्यात चालत नाही तेव्हा तोच परिणाम कुठल्या वाटेने आणायचा, याचा हा नमुना चित्रपट शिकवणाऱ्यांनी पहिल्या तासाला दाखवावा.

४. मुद्दल मोडायचे नाही, असे तिने ठरवले.

सगळी कादंबरी या सूत्रात आहे.

ट्रीनाने पाच हजार आपल्या काकांच्या पेढीत सहा टक्क्यांनी ठेवले. वर्षाला तीनशे, महिन्याला पंचवीस डॉलर. कोणत्याही शहाण्या बाईने हेच केले असते. शिवाय ती खेळण्यातल्या नोहाच्या नावेसाठी लाकडी प्राणी कोरते, त्याची मिळकत वेगळी. त्यातली ती थोडी मागे टाकते. मग थोडी जास्त. पेटीच्या तळाशी पुरचुंडी आणि पितळी डबी दडलेली आहे. नाणी काढून मोजणे, घासून लख्ख करणे, परत ठेवणे असा तिचा क्रम सुरू होतो. बाजारात जरा शिळे मांस स्वस्त मिळते, ते आणायचे आणि उरलेली चिल्लर डबीत टाकायची. नवऱ्याला खोटा भाव सांगायचा.

कुठल्या पानावर काटकसर संपली आणि लोभ सुरू झाला? मला ते पान सापडत नाही, आणि न सापडणे हीच नॉरिसची कारागिरी आहे. प्रत्येक पायरी आदल्या पायरीहून इतकी थोडी वर आहे की तिला हटकायला कारण मिळत नाही. वाचणाऱ्यालाही पहिले शंभर डॉलर साठतात तेव्हा कौतुकच वाटते. घरोघरी ज्या गुणाची वाखाणणी होते तोच गुण इथे कुणी न थांबवल्यामुळे वाढत गेला आहे.

हे घडायला पाने लागतात, कारण ट्रीनाला वर्षे लागली. हिशेब परत परत यावे लागतात. दहा, वीस, पंचवीस हे आकडे कंटाळा येईपर्यंत कानावर पडावे लागतात. नॉरिस पुनरावृत्तीला घाबरत नाही. त्याची शैली ओबडधोबड आहे अशी तक्रार तेव्हापासून होत आली आहे, पण या कादंबरीत पुनरावृत्ती हा दोष म्हणून काढून टाकला तर हाती फक्त बातमी उरेल.

चित्रपटापुढे खरी अडचण इथे उभी राहते. कॅमेरा नाणे दाखवू शकतो, हात दाखवू शकतो, पण ‘अजून एक महिना गेला’ हे दाखवायला त्याच्याकडे उपशीर्षकाची पाटी असते, नाहीतर सरळ वेळ. स्ट्रोहाइमने वेळ निवडला.

५. मार्कसने कागाळी केली आणि दवाखाना बंद पडला.

पदवी नसल्याचे नगरपालिकेला कळले. इथून घसरण, आणि तिच्यातला एक प्रसंग : नोकरी शोधायला निघालेल्या नवऱ्याला ट्रीना गाडीभाड्याचे पाच सेंटही देत नाही. तो पावसात भिजतो, आणि ओळखीचा कुणी त्याला व्हिस्की पाजतो. चित्रपटात हा पाऊस उत्तम आहे. मॅकटीग झालेल्या गिब्सन गोलँडचा तो अवाढव्य, भिजलेला, न समजलेला चेहरा पुस्तकातल्या वर्णनाहून जास्त लक्षात राहतो.

६. शेजारी एक भंगारवाला हरवलेल्या सोन्याची गोष्ट ऐकत होता, आणि दोन म्हातारे जीव भिंतीच्या दोन बाजूंना बसून होते.

मारियाच्या तोंडी एक कहाणी असते : तिच्या घरी म्हणे शंभराहून अधिक नगांचा सोन्याचा भांड्यांचा संच होता. झेरकोव हा भंगारवाला ती कहाणी तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतो, त्यासाठी तिच्याशी लग्न करतो, आणि बाळाच्या जन्ममृत्यूनंतर ती कहाणीच विसरते तेव्हा तिचा गळा चिरतो. ट्रीनाजवळ निदान सोने होते. झेरकोवचा लोभ निव्वळ शब्दांवर पोसलेला. पुढे त्याचे प्रेत पाण्यात सापडते आणि सोबत गंजक्या डब्यांची गोणी. कल्पना विलक्षण आहे. पण झेरकोवला नॉरिसने ज्यू लोभ्याच्या साच्यात ओतले आहे, आणि तो साचा वंशद्वेषाचाच आहे. ट्रीनाच्या बाबतीत निदान तपशिलांनी साचा मोडतो, इथे मोडत नाही.

दुसरीकडे ग्रॅनिस आणि मिस बेकर. शेजारच्या खोल्यांत राहणारी, मधल्या पातळ भिंतीमुळे एकमेकांच्या हालचाली ऐकत वर्षानुवर्षे न बोललेली ही वृद्ध जोडी कादंबरीतला एकमेव गोडवा आहे.

चित्रपटातून ही दोन्ही कथानके कापली गेली. ‘ग्रीड’ची पहिली आवृत्ती बेचाळीस रिळांची, साधारण आठ-नऊ तासांची होती. जानेवारी १९२४ मध्ये ती मोजक्या लोकांना दाखवली गेली. स्ट्रोहाइमने स्वतः चोवीस रिळांपर्यंत छाटली. मित्र रेक्स इंग्रॅमच्या मदतीने ती अठरावर आली. चित्रपट सुरू झाला तेव्हा कंपनी गोल्डविन होती. एप्रिल १९२४ मध्ये विलीनीकरण होऊन मेट्रो-गोल्डविन-मेयर झाली आणि निर्मितीची सूत्रे आयर्विंग थालबर्गकडे आली. याच थालबर्गने १९२२ साली युनिव्हर्सलमध्ये स्ट्रोहाइमला चालू चित्रपटावरून काढले होते. शेवटी दहा रिळे उरली. कापलेल्या फिल्ममधून चांदी काढून घेतली गेली, असे सांगतात. लोभावरच्या चित्रपटाच्या बाबतीत ही गोष्ट खरी असावी असे वाटण्याचा मोह फार होतो.

शंका : झेरकोव-मारिया आणि वृद्ध जोडी ही उपकथानके. ती गेल्याने मुख्य कथेचे काय बिघडले?

समाधान : घटना म्हणून काही नाही. मुख्य कथा दहा रिळांतही सलग कळते. गेला तो काळ. उपकथानके मध्ये येतात तेव्हा ट्रीना दृष्टीआड होते, आणि आपण परत येतो तेव्हा ती आणखी चार पावले पुढे गेलेली असते. चौथ्या सूत्रातल्या महिन्यांचे काम ही दोन कथानके करत होती. ती काढल्यावर ट्रीना सोडत लागल्यानंतर एकाएकी बिघडल्यासारखी दिसते. स्टुडिओचा हिशेब त्याच्या जागी बरोबर होता, नऊ तास कोण बसणार? पण स्ट्रोहाइमचा हट्टही निव्वळ अहंकार नव्हता. १९९९ साली उरलेली दृश्ये आणि स्थिरचित्रे जोडून चार तासांची आवृत्ती तयार झाली. हलत्या चित्रांमध्ये अशी गोठलेली चित्रे आल्यावर सुरुवातीला अडखळायला होते, तरी ट्रीनाचा प्रवास तिच्यात पुष्कळच सुसंगत वाटतो.

७. तिने मुद्दल घरी आणले आणि त्यावर झोपली.

नवरा पुरचुंडी घेऊन पळाल्यावर ट्रीना काकांकडून हळूहळू रक्कम काढते, अखेर सगळे पाच हजार सोन्याच्या नाण्यांत. उजव्या हाताची बोटे खेळण्यांच्या रंगाच्या विषबाधेने कापावी लागली आहेत, पोटासाठी ती बालवाडीत फरशा पुसते, आणि रात्री अंथरुणात नाणी पसरून त्यांवर उघड्या अंगाने निजते. ज्या व्याजासाठी मुद्दल मोडायचे नव्हते, ते व्याजही तिने सोडून दिले. तिला आता पैसा वाढायलाही नको आहे, अंगाला लागायला हवा आहे.

चित्रपटात ट्रीना झालेल्या झासू पिट्सने हे हातांनी केले आहे. ओठांशी जाणारी, एकमेकांना कुरवाळणारी ती लांब बोटे बघितल्यावर पुस्तकातली ट्रीना पुन्हा वाचताना तिचेच हात दिसतात. या एका ठिकाणी चित्रपटाने कादंबरीवर मात केली असे मी म्हणेन. मधूनच येणारी सोने चिवडणाऱ्या हाडकुळ्या हातांची प्रतीकचित्रे मात्र नकोशी होतात. काही प्रतींत नाणी, दात आणि कॅनरी यांवर पिवळा रंगही चढवला होता. पिट्सच्या बोटांनंतर याची गरज नव्हती.

८. बालवाडीत नाताळची सजावट झालेली होती.

मॅकटीग इथे ट्रीनाला ठार मारतो; त्या खुनाबद्दल फार बोलण्याजोगे नाही. मॅकटीगला चिथावणी मिळते ती आपली कन्सर्टिना दुकानात विकायला ठेवलेली दिसते तेव्हा. पाच हजारांहून त्या पेटीचा राग मोठा. पहिल्या सूत्रातला माणूस अजून पुरता संपलेला नाही.

९. वाळवंटात दोघे उरले; खेचर मेले, पाणी सांडले, पैसे शाबूत.

शेवटासाठी स्ट्रोहाइम ऐन उन्हाळ्यात सगळा ताफा घेऊन डेथ व्हॅलीत गेला. ऑक्सनार्डजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर भागेल, हे स्टुडिओचे म्हणणे त्याने धुडकावले. माणसे आजारी पडली. पडद्यावरच्या चेहऱ्यांवरची भेगाळलेली कातडी रंगभूषेची नाही, हे कळते.

ट्रीनाचे पैसे घेऊन पळालेल्या मॅकटीगला मार्कस वाळवंटात गाठतो. प्रसंग दोन्हीकडे एकच. मार्कसच्या गोळीने खेचर मरते, त्याच्या पाठीवरचे पाणी वाहून जाते, आता दोघेही मरणार हे दोघांना माहीत असते, आणि तरी ते पैशासाठी झटापट करतात. मार्कस मरता मरता बेडीचे दुसरे कडे मॅकटीगच्या मनगटात अडकवतो.

फरक कॅनरीत आहे. चित्रपटात मॅकटीग पक्ष्याला बाहेर काढतो, चुंबन घेतो, सोडतो. तो फडफडून मरतो. दृश्य हेलावून टाकते, मान्य. पण त्यामुळे मॅकटीगला एक शेवटचे सत्कृत्य मिळाले आणि प्रेक्षकाला अश्रू. नॉरिसने दोघांनाही ते दिले नाही. त्याचा मॅकटीग इकडेतिकडे बघत राहतो, कॅनरी पिंजऱ्यात अर्धमेला असतो, आणि दार उघडायचे त्याच्या डोक्यातच येत नाही. ज्याला पहिल्या पानापासून कशाचाच अर्थ लागला नाही त्याला इथे एकाएकी का लागावा? इतक्या दुरून तो पिंजरा आणणारा माणूस पक्ष्यावर प्रेम करतो हे खरेच, पण प्रेम म्हणजे जवळ ठेवणे, यापलीकडे त्याला कधी काही सुचले नव्हते. ट्रीनालाही नाही. मुळाशी एवढा एकनिष्ठ असलेला दिग्दर्शक नेमका इथे मूळ सोडतो. त्याला आपल्या माणसाची दया आली असावी.