साडेसहा हजार पौंडांची बैठक

४ डिसेंबर २०१६ रोजी लंडनच्या न्यू बाँड स्ट्रीटवर बॉनहॅम्सच्या लिलावात एक रोल्स-रॉइस ५,६१,५०० पौंडांना गेली. मोटार १९२६ सालची, फँटम वन. बाहेरून बघाल तर उंच, चौकोनी, गंभीर. त्या काळातल्या श्रीमंतांच्या इतर गाड्यांसारखीच. मागचे दार उघडले की मात्र फ्रान्सच्या राजवाड्यातली एखादी छोटी खोली चाकांवर बसवल्यासारखी दिसते. छतावर रंगवलेले चित्र. समोर अर्धगोल पोटाचे मद्याचे कपाट, त्यावर सोनेरी मुलाम्याचे घड्याळ आणि दोन्ही बाजूंना चिनी मातीच्या फुलदाण्या, त्यांत मिनाकामाची फुले. कपाटाच्या दोन्ही अंगांना घडीच्या जादा बैठका अशा लपवलेल्या की सांगितल्याशिवाय सापडू नयेत. आणि बसायच्या जागी फ्रान्समधल्या ओब्युसोचे टॅपेस्ट्रीचे, म्हणजे विणलेल्या चित्राचे, कापड. शौकिनांनी पुढे तिला नाव दिले ‘फँटम ऑफ लव्ह’.

या गाडीबद्दल दोन तट आहेत. एक म्हणतो, ही उधळपट्टी आणि अभिरुचीचा दिवाळखोरपणा. दुसरा म्हणतो, इतकी देखणी गाडी रोल्सच्या चॅसीवर पुन्हा झाली नाही. माझी सगळी नोकरी एसटीच्या दापोडी कार्यशाळेत गेली, सीटच्या कामात. तिथे काथ्या भरला, फोम कापला, रेक्झिन ताणले, पाइपिंग शिवले. त्यामुळे कुठल्याही गाडीचा फोटो हातात आला की माझी नजर आधी बैठकीवर जाते आणि मग कोपऱ्यावर, कारण कामगाराचा हात कोपऱ्यात कळतो. या गाडीचे कोपरे मी फोटोंतून पुन्हा पुन्हा पाहिले आहेत. माझे मत त्या कोपऱ्यांवरून बनलेले आहे, आणि ते दोन्ही तटांपेक्षा वेगळे आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर सगळे श्रेय चुकीच्या दारात जाते. त्या काळी रोल्स-रॉइस कंपनी अख्खी मोटार विकत नसे. डर्बीच्या कारखान्यातून बाहेर पडे ती चॅसी: सांगाडा, चाके, इंजिन, पुढची चकचकीत जाळी. फँटम वनचे इंजिन सहा सिलिंडरांचे, ७,६६८ घनसेंटिमीटरचे. गिऱ्हाइकाने ती चॅसी घ्यायची आणि आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडे पाठवायची. दारे, छत, काचा, गाद्या, रंग हे सगळे तो करणार. आपल्याकडे ही पद्धत जुनी झालेली नाही. नुसत्या चॅसीवर, उघड्यावर बसून, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडाला फडके बांधून हायवेने गाडी नेणारे चालक कोणी पाहिले नाहीत? दापोडीला, चिकलठाण्याला, हिंगण्याला एसटीच्या बसगाड्या अशाच घडत आल्या. चॅसी कंपनीची, बॉडी आमची.

तर या मोटारीची बॉडी वुल्व्हरहॅम्प्टनच्या चार्ल्स क्लार्क अँड सन यांची. गाडीला एकूण साडेसहा हजार पौंड लागले, त्यात चॅसीचा वाटा दोन हजारांच्या आत. उरलेला सगळा पैसा बॉडीवर आणि आतल्या कामावर गेला. तरी लिलावात नाव पुकारले जाते ते रोल्स-रॉइसचे.

वुल्व्हरहॅम्प्टन हे बर्मिंगहॅमच्या वायव्येला असलेले कारागिरांचे गाव. कुलपे इथली नावाजलेली. पत्र्यावर आणि कागदाच्या लगद्यावर काळी लाख चढवून त्यावर फुलेपाने, सोनेरी किनार रंगवायचा जपानी धाटणीचा धंदा इथे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जोरात होता. घराघरांतली तबके इथून जात. मग सायकली आल्या आणि सायकलींमागून मोटारी. सनबीम इथली, क्लायनो इथली, गाय कंपनीचे ट्रक इथले. २९ मार्च १९२७ रोजी हेन्री सीग्रेव्हने अमेरिकेत डेटोनाच्या वाळूवर ताशी दोनशे मैलांची मर्यादा प्रथमच ओलांडली, ती याच गावात बनलेल्या सनबीमच्या गाडीतून. त्याच वसंतात, एप्रिलमध्ये, क्लार्कच्या कारखान्यातून ही फुलाफुलांची रोल्स तिच्या मालकाकडे गेली. एक गाडी फक्त वेगासाठी आणि दुसरी फक्त बसण्यासाठी! दोन्ही एकाच गावच्या हातांनी, जवळजवळ एकाच वेळी केल्या, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कौशल्य गावात मुरलेले असले की ते कुठल्याही कामाला लागते.

मालक क्लॅरन्स वॉरेन गॅस्क. अमेरिकन माणूस, लंडनमध्ये राहणारा, वूलवर्थ कंपनीच्या ब्रिटनमधल्या शाखेचा आर्थिक कारभार पाहणारा. वूलवर्थची ब्रिटनमधली ओळख काय, तर दुकानात कुठलीही वस्तू सहा पेन्सच्या वर नाही. एका पौंडात अशी सहा पेन्सची चाळीस नाणी. म्हणजे ही मोटार दोन लाख साठ हजार नाण्यांची झाली. ही नाणी कामकरी बायकांच्या पर्समधून आलेली होती, कपबशी, सुईदोरा, खेळणे यांच्यापोटी.

गॅस्कला ही भेट पत्नी मॉडला द्यायची होती. तिचे पूर्वज फ्रेंच होते, म्हणून आतली सजावट फ्रेंच हवी. बाकी सगळे त्याने क्लार्कचे व्यवस्थापकीय संचालक जे. एच. बार्नेट यांच्यावर सोपवले. इतका पैसा हातात आणि इतकी मोकळीक असली की माणूस बावचळतो. बार्नेट बावचळले नाहीत. ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये गेले आणि तिथे त्यांना मारी आंत्वानेत राणीची म्हणून सांगितली जाणारी, माणसांनी दांड्यांवर उचलून न्यायची बंद खुर्ची दिसली. आपल्याकडच्या मेण्याची जणू सख्खी बहीण. तिचे छत रंगवलेले होते. बार्नेटना हवे ते सापडले. मला यातली समज आवडते. मोटारीच्या आतल्या खोलीसाठी नमुना शोधताना ते राजवाड्याच्या दिवाणखान्याकडे गेले नाहीत, वाहनाकडेच गेले. माणूस एका जागी बसून राहतो, जागा अरुंद असते, नजर समोर आणि वर जाते. हे मेण्यातही खरे आणि मोटारीतही. दिवाणखान्याची नक्कल केली असती तर ती गाडीत कोंबल्यासारखी दिसली असती.

बैठकीचे कापड फ्रान्सच्या मध्यभागातल्या ओब्युसो गावी करून घेतले. त्याला नऊ महिने लागले आणि पाचशे पौंड पडले. याच सुमारास इंग्लंडात मॉरिसची साधी मोटार दोनशे पौंडांच्या आत मिळत होती; म्हणजे केवळ गाद्यांच्या कापडात दोन मोटारी आल्या असत्या. ओब्युसोला हा धंदा शतकानुशतके चालत आला आहे. युनेस्कोने २००९ साली त्याची मानवजातीचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. तिथल्या मागावर ताणा आडवा असतो, त्याच्या खाली चित्राचा आराखडा ठेवतात आणि विणकर कापडाच्या पाठीकडून विणत जातो. कापडाचा दर्शनी चेहरा त्याला काम मागावरून उतरेपर्यंत नीट दिसत नाही.

असे कापड वुल्व्हरहॅम्प्टनला पोचल्यावर गादीवाल्याची परीक्षा सुरू झाली असणार. हे मी अनुभवाने सांगतो. रेक्झिन ताणले की ताणते, चुकले की दुसरा तुकडा कापता येतो. लोकरीचे विणलेले चित्र जागेवर बसवताना तिरके खेचले गेले तर फुलांचा झुबका वाकडा होतो, आणि दुसरा तुकडा मागवायचा तर आणखी महिने जाणार. आतली भरणी त्या काळी घोड्याच्या केसांची. ती कुठे दाट, कुठे विरळ राहिली तर कापड वर्षभरात तिथे झिजते. आधी भरणीवर साधे कापड चढवून आकार पक्का करायचा, मग चित्राचा मध्य आणि बैठकीचा मध्य जुळवायचा, आणि मधून बाहेर, दोन्ही अंगांना सारखे जात टाचायचे. तोंडात चुका धरून, एका हाताने ओढ सांभाळत, दुसऱ्या हाताने हातोडी. घडीच्या जादा बैठका याहून कठीण, कारण उघडताना आणि मिटताना कापडाला दोन वेगळ्या ओढी बसतात. फोटोंत या बैठकांचे कोपरे अजून तसेच भरलेले दिसतात. हे काम करणाऱ्यांची नावे लिलावाच्या माहितीत कोणी घालत नाही.

कापड वापरले यातही एक जुनी रीत आहे. ब्रूअम धाटणीच्या या गाड्यांत चालकाच्या डोक्यावरचे छत काढता येई, म्हणून त्याची जागा पाऊस सोसणाऱ्या कातड्याची असायची. मालकाच्या बंद खोलीत मात्र उबदार लोकरी कापड. आज कातड्याची बैठक म्हणजे थाट असे आपण मानतो. शंभर वर्षांपूर्वी कातडे नोकराच्या वाट्याचे होते.

आता उधळपट्टीचा आरोप. तो खोटा नाही आणि मी तो झटकणार नाही. १९२६ च्या मे महिन्यात ब्रिटनमध्ये सार्वत्रिक संप झाला. तो नऊ दिवसांत मिटला, पण खाणकामगार त्यानंतरही कित्येक महिने कामाबाहेर राहिले, आणि शेवटी कमी मजुरीवर परतले. वुल्व्हरहॅम्प्टनच्या उत्तरेला कॅनॉक चेसच्या कोळशाच्या खाणी होत्या. तिथल्या खाणकामगारांच्या घरांत चुली थंड होत्या त्याच वर्षी या गाडीची मागणी नोंदली गेली. हे मला खुपते. पण हा दोष पैसा असा एका हातात साठू देणाऱ्या व्यवस्थेचा आहे. त्याचे खापर छत रंगवणाऱ्यावर, फुलदाणी घडवणाऱ्यावर, चुका ठोकणाऱ्यावर फोडणे मला मान्य नाही. त्या लोकांना त्या मंदीच्या दिवसांत या गाडीने काम दिले, आणि त्यांनी ते जीव ओतून केले. म्हणून गाडीला ‘भडक’ म्हणून हसणाऱ्यांशी माझे पटत नाही. तिला ‘प्रेमाची निशाणी’ म्हणून डोळे मिटणाऱ्यांशीही पटत नाही, कारण त्या गोड नावाखाली गॅस्क दांपत्य तेवढे उरते आणि कारखाना अदृश्य होतो.

गॅस्कला ही गाडी फार लाभली नाही. १९२८ च्या ऑक्टोबरमध्ये तो वारला. मॉडबाईंनी गाडी ठेवली, पण पुढे १९३७ ते १९५२ ती झाकूनच होती. त्या स्वतः कट्टर शाकाहारी; आंतरराष्ट्रीय शाकाहारी संघाच्या १९५३ पासून अध्यक्ष. १९५७ साली त्या संघाची जागतिक परिषद भारतात भरली, मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी फिरत, आणि अध्यक्ष म्हणून मॉड गॅस्कच होत्या. आपल्याकडे त्यांना कोणी त्या मोटारीबद्दल विचारले असेल असे वाटत नाही.

१९५२ साली गाडी स्टॅन्ली सीअर्स या संग्राहकाकडे गेली. जुनी रोल्स म्हणजे अडगळ अशी भावना तेव्हा सर्रास होती. पुष्कळ गाड्यांच्या बॉड्या तोडून त्यांच्या शववाहिका आणि टो-ट्रक झाले. सीअर्ससारख्यांनी त्या वाचवल्या. पुढे ती जपानपर्यंत जाऊन आली. सीअर्सने ती घेतली तोवर कोचबिल्डरांचा धंदाच आटत चालला होता. १९४६ साली रोल्सच्याच मालकीच्या बेंटलीने मार्क सिक्स काढली, तयार पोलादी बॉडीसह, आणि रोल्सच्या घरातही अख्खी गाडी कारखान्यातूनच मिळू लागली. साचा एकदा केला की दाबयंत्र दिवसभर दारे काढते. ते स्वस्त, मजबूत, आणि त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. पण सुतार, लोहार, रंगारी आणि गादीवाला एकाच गाडीभोवती उभे राहण्याचे दिवस त्याबरोबर गेले.

ज्याच्याकडे आज ही मोटार आहे त्याला एक गादीवाला म्हणून माझे सांगणे आहे. पडदे लावून ठेवा. लोकरीचा रंग उजेडाने जातो आणि परत येत नाही. कापड विरले तर अख्खी बैठक नवी करू नका. मागून बारीक अस्तर लावा, त्याच जाडीच्या लोकरीने तेवढाच भाग रफू करा, आणि जुनी भरणी शक्य तोवर हलवू नका. कोणी कारागीर म्हणेल की फोम घातला तर बसायला जास्त मऊ होईल. त्याला परत पाठवा.