हस्तलिखितापासून पेजमेकरपर्यंत



आपल्या शाळेचे वार्षिक हस्तलिखित आठवते ना? प्रत एकच असायची. नववीत मजकूर लिहायचे काम माझ्याकडे होते आणि चौकटी-शीर्षके रंगवायचे काम माझ्याच बाकावरच्या मित्राकडे. मजकूर वाढला की तो वेलबुट्टी लहान करायचा, चित्र वाढले की मी दोन ओळी गाळायचो. भांडण व्हायचे, पण तिथेच मिटायचे.

पुढे मी लिहिता झालो, तो पुस्तकांची मांडणी करू लागला. छापखान्यात तेव्हा खिळे जुळवत. लेखकाने कागद द्यायचा आणि प्रुफांची वाट पाहायची.

हे बदलायला सुरुवात झाली १९८५ साली, अमेरिकेत. ॲपलचा लेसर प्रिंटर, त्याला पान समजावणारी अडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा आणि आल्डस कंपनीचे पेजमेकर या तिघांमुळे टेबलावरच्या संगणकावर अख्खे पान लावता येऊ लागले. कंपनीचा संस्थापक पॉल ब्रेनर्ड याने या कामाला ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ म्हटले. तेच आपले डीटीपी. कंपनीचे नाव व्हेनिसचा जुना मुद्रक आल्डस मनुटियस याच्यावरून घेतलेले. १५०८ साली त्याच्या छापखान्यात बसून इरॅस्मस आपला म्हणींचा ग्रंथ वाढवत होता आणि शेजारीच तो छापला जात होता. लेखक आणि मुद्रक एका खोलीत, हे तसे जुनेच.

मराठीत मात्र ती खोली लवकर मिळाली नाही. पुण्यात सी-डॅकने आणि श्री-लिपीवाल्या मॉड्युलर इन्फोटेकने मराठी अक्षरे संगणकावर आणली, पेजमेकरमध्ये मराठी पाने लागू लागली. पण प्रत्येकाच्या फाँटची आतली सांकेतिक रचना वेगळी. माझ्या फ्लॉपीतला मजकूर मित्राच्या संगणकावर उघडला की नुसती अगम्य चिन्हे! मग ऑपरेटर सगळे पुन्हा टाइप करी. शेवटचा हात मांडणीवाल्याचाच.

१९९७ मध्ये मराठीच्या बाई निवृत्त झाल्या, तेव्हा आम्ही दोघांनी एक पुस्तिका केली. छापून आली तर माझ्या लेखाचा शेवटचा परिच्छेद गायब. बाईंनी एका मुलाची बोर्डाची फी गुपचूप भरली होती, ती हकिकत त्यात होती. मी फोनवर म्हणालो, “फोटो मोठा करायला बाईंचा मोठेपणा कापलास.” तो काही बोलला नाही. त्यानंतर बरीच वर्षे आम्ही बोललो नाही.

दरम्यान १९९९ मध्ये इनडिझाइन आले. त्याच्या जोडीच्या इनकॉपीत लेखकाला लावलेल्या पानातच मजकूर दुरुस्त करता येतो. चौकट आणि फोटो मांडणीवाल्याच्या ताब्यात राहतात. किती ओळी जास्त झाल्या तेही दिसते. युनिकोडमुळे फाँटचे कोडेही सुटले.

ही स्मरणिका आम्ही तशीच केली. तो पुण्यात, मी नाशिकला. बाईंवरचा लेख नव्याने घेताना मी तो परिच्छेद परत टाइप केला. सहा ओळी जास्त झाल्या. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर फोटो लहान झालेला आणि परिच्छेदाला त्याची टीप जोडलेली: “ती फी माझी होती. तेव्हा लाज वाटली म्हणून काढला. आता राहू दे.”

मी त्याला कधी विचारलेच नव्हते. हे सारे त्याच्या संमतीनेच लिहितो आहे.

तो परिच्छेद बाईंवरच्या लेखाच्या शेवटी आहे. जरूर वाचा.