सोनटक्का : सावलींतल्या एका फुलाचा इतिहास

जालन्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावर राजूर हें गणपतीचें प्रसिद्ध क्षेत्र लागतें. परंपरा त्यास 'राजसदन' म्हणते व वरेण्य राजाची कथा तेथेंच जोडते. भोवतालचा मुलूख काळ्या जमिनीचा व बेभरंवशाच्या पावसाचा. वैशाखांत जमिनीला रुंद भेगा पडतात, विहिरींचे तळ दिसूं लागतात. अशा ठिकाणीं सोनटक्क्यासारख्या ओलाव्याच्या भुकेल्या फुलाचें नांव काढणें प्रथमदर्शनीं विसंगत वाटेल. परंतु वाडा होता, वाड्यामागें परस होतें आणि परसांत न्हाणीचें पाणी वाहून नेणारा पाट होता, तोंवर कोरड्या मुलखांतल्या घरालाही हें फूल अप्राप्य नव्हतें. पाऊस देईना तें पाणी त्याला मोरी देत असे.

सोनटक्का हळद व आलें यांच्या कुळांतला. त्याचें मूळ घर म्हणजे पूर्व हिमालयाच्या परिसरांतले दमट, अर्धवट सावलीचे ओहोळकांठ. सायंकाळीं उमलणारें, फुलपाखरासारखें हें शुभ्र फूल रात्रीं वास देऊन पतंगांना बोलावतें. फूल पांढरें आणि नांव सोन्याचें, हा विरोध मौजेचा खरा. मात्र पाकळीच्या मध्यभागीं पुष्कळदां पिवळसर छटा असते, तेवढें सोनें त्याच्यापाशीं आहे.

त्याला शास्त्रीय नांव मिळाल्याची हकीकत अठराव्या शतकांतील. लिनियसचा शिष्य योहान कोनिग १७६८ सालीं तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतींत आला व पुढें मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत शिरला. सयाम व मलाक्का हिंडून त्यानें आल्याच्या कुळांतील वनस्पतींचीं वर्णनें लिहिलीं. तीं १७८३ सालीं रेट्झियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ग्रंथांत प्रसिद्ध झालीं. 'हेडिकियम कोरोनेरियम' हें नांव तेथलें. पहिल्या शब्दांत 'गोड' व 'बर्फ' या अर्थाचे ग्रीक शब्द आहेत. दुसऱ्याचा अर्थ 'माळेस योग्य' असा. ज्या फुलाची जागा मराठी स्त्रियांच्या वेणींत आहे, त्याला परक्या पंडितानेंही माळेवरूनच नांव द्यावें, हें ठीकच झालें. कोनिग १७८५ सालीं याच देशांत वारला.

पंडितांच्या नांवाहून लोकांनीं दिलेलें नांव अधिक दूर पोंचलें. अमरकंटकला, नर्मदेच्या उगमापाशीं, याच फुलाला गुलबकावली म्हणतात व त्याचा अर्क डोळ्यांना गुणकारी मानतात. गुलबकावलीची कथा सर्वश्रुत आहे : राजाची दृष्टि जाते आणि राजपुत्र ताजुल्मुलूक परी बकावलीच्या बागेंतलें फूल आणून ती परत मिळवून देतो. इज्जतुल्ला बंगाली यानें ही कथा १७२२ सालीं फारसींत लिहिली. १८०३ मध्यें कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत निहालचंद लाहोरी यानें ती उर्दूंत आणली. पुढें लखनौच्या दयाशंकर नसीम यानें तिला काव्यरूप दिलें. १९२४ सालीं मुंबईच्या कोहिनूर कंपनीनें तिच्यावर मूकपट काढला. राजूर त्या काळीं निजामाच्या राज्यांत होतें. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तेथील दरबारी भाषा उर्दूच राहिली, तेव्हां परीचें हें फूल मराठवाड्याला अगदींच परकें वाटलें नसावें. कथेंतलें फूल व अमरकंटकचें फूल एकच, हें मात्र इतिहासानें सिद्ध करण्याजोगें नव्हे; ती लोकांची जोडणी आहे.

या जोडणीची किंमत झाडाला मोजावी लागली. मध्य भारतांत औषधासाठीं कंद बेसुमार उपटले गेल्यामुळें रानांतला सोनटक्का विरळ झाल्याचें वनस्पतिशास्त्रज्ञ नमूद करतात. आणि परदेशांत? हवाई बेटांत, ब्राझीलमध्यें, दक्षिण आफ्रिकेंत हाच सोनटक्का ओलसर जागा व्यापून टाकणारें उपद्रवी तण ठरला आहे. क्यूबानें तर १९३६ सालीं त्याला राष्ट्रीय फुलाचा मान दिला. स्वातंत्र्ययुद्धांत तेथील स्त्रिया या फुलांत चिठ्ठ्या दडवून नेत, असें सांगतात. मायदेशीं उपटलें जाणारें, परदेशीं कोठें डोक्यावर घेतलेलें तर कोठें काढून टाकलेलें, असें नशीब थोड्याच फुलांना लाभलें असेल.

राजूरसारख्या गांवीं सोनटक्का लावणें म्हणजे, थोडक्यांत, हिमालयाच्या ओहोळाचा एक हातभर तुकडा घरीं निर्माण करणें होय. जागा भिंतीच्या पूर्वेची अथवा उत्तरेची हवी. सकाळचें कोंवळें ऊन चालतें, दुपारचें पानांच्या कडा करपवतें. निव्वळ काळी माती नको. ती पावसाळ्यांत चिकट होऊन कंद कुजवते आणि उन्हाळ्यांत तडकून मुळें तोडते. तींत वाळू व चांगलें मुरलेलें शेणखत सढळ हातानें मिसळावें. मृगाच्या पावसावर, डोळा असलेला कंदाचा तुकडा दोन बोटें खोल, आडवा ठेवावा. त्याहून खोल गाडण्याची हौस बाधते. माती सदा ओलसर असावी, पण पाणी तुंबूं नये. सांडपाणी द्यावयाचें तर तांदूळ वा भाजी धुतलेलें. साबण-सोड्याचें पाणी हल्लींच्या मोरीला वाहतें, तें या झाडाला मानवत नाहीं. सर्व कांहीं जमलें तर भाद्रपदांत, गौरी-गणपतीच्या सुमारास, फुलें येऊं लागतात. एक दांडा एकदांच फुलतो. फुलून गेला कीं तो जमिनीलगत कापावा, म्हणजे शेजारच्या कोंबांना जागा होते. दोन-तीन वर्षांनीं दाटलेलें बेट खणून कंद वांटावे.

प्रश्न उरतो पाण्याचा. १९७२ चा दुष्काळ मराठवाडा विसरलेला नाहीं; २०१२-१३ मध्यें जालना जिल्ह्यांत गांवोगांव पिण्याचें पाणी टँकरनें आलें. अशा सालीं फुलझाडाला घागरभर पाणी घालणें कोणत्याही गृहिणीच्या मनाला पटणार नाहीं, आणि तिला तसें सांगणेंही योग्य नव्हे. त्यापेक्षां पानें वाळूं लागलीं कीं एक-दोन कंद काढून कुंडींत लावावे व ती कुंडी पिण्याच्या माठाखालीं, त्याच्या गळत्या थेंबांपाशीं, ठेवावी. झाड उंच होणार नाहीं, फूलही येणार नाहीं. पण कंद जिवंत राहील आणि पुढच्या मृगाला पुन्हां परसांत जाईल.