वाटाण्याचा मूकपट

दादासाहेब फाळक्यांचे नाव निघाले की आपल्याला ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात तो लोकांपुढे आला. पण त्या राजाच्याही आधी दादासाहेबांच्या पडद्यावर एक वाटाणा येऊन गेला होता, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

१९१२ साली दादासाहेब विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून विलायतेला गेले आणि कॅमेऱ्याची व्यवस्था करून परतले. आता चित्रपटाला भांडवल हवे. पण पैसेवाल्यांचा विश्वास बसावा कसा? त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोखला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची वाढ टिपली. पडद्यावर ती जेमतेम मिनिटभरात उलगडली! ‘अंकुराची वाढ’ असे त्या पटाचे नाव. तो पाहून कर्ज द्यायला माणूस तयार झाला.

तो पट आज पाहायला मिळत नाही. तेव्हा आपणच तो संगणकावर पुन्हा उगवून पाहावा, असा छंद मला इथे सणसरला जडला. उसाच्या या मुलखात बेण्याचा डोळा फुटताना सारेच पाहतात. वाटाण्याचे वेड मात्र माझ्या एकट्याचे.

आधी हिशेब मांडला. मूकपटाची सेकंदाला सुमारे १६ चित्रे धरली, तर मिनिटाला ९६० होतात. रोज एकच चित्र घेतले, तर महिन्याचा खेळ दोन सेकंदांत आटोपायचा! म्हणजे दिवसाला तीसेक चित्रे हवीत. रात्रीही जागायचे म्हटले, तर पाऊण तासाला एक.

मग आज्ञावली लिहायला घेतली. आरिस्टिड लिंडेनमायर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६८ साली वाढीचे नियम अक्षरांत मांडण्याची युक्ती काढली. ‘अ’च्या जागी ‘अब’ लिहायचे, ‘ब’च्या जागी ‘अ’. एका ‘अ’चे ‘अब’ होते, मग ‘अबअ’, मग ‘अबअअब’. अक्षरांना पेर, पान, फांदी असे अर्थ दिले की पडद्यावर रोप वाढू लागते.

अंकुर वर आला तशा आळीतल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. शेजारच्या आजींनी मात्र विचारले, “आरं लेकरा, ह्याला काठी कुठं हाय? येल चढायचा कशाला धरून?”

प्रश्न लाखमोलाचा होता. नियमाने वेल वाढतो, पण आधार शोधणारा तंतू काठीला वेढा कसा घालतो, हे पाहायला खिडकीत खरी कुंडीच ठेवावी लागली. त्या वेढ्यासाठी अंकुराच्या चौपट आज्ञा लिहिल्या!

माझे रोप कळ दाबली की पुन्हा बीजापासून उगवते. दादासाहेबांची कुंडी एकदा हलती, तर महिना वाया जाता, आणि डोक्यावरचे कर्ज तसेच राहते. वाटाण्याच्या वेगाने वाट पाहणे, हेच त्यांचे खरे भांडवल होते.

वाचकहो, वाटाणा पेरायचे हेच दिवस. फराळाचे डबे रिकामे झाले की मुलांनी कुंडीत दोन दाणे टोचावेत आणि मोबाइल एका जागी ठेवून ठरल्या वेळी छायाचित्र घ्यावे. काठी मात्र आठवणीने रोवावी.