ग्रंथालयाचे दार केव्हा उघडते?

ग्रंथालयांचा इतिहास लिहिणारे अभ्यासक स्थापनेचे वर्ष, देणगीदारांची नावे आणि ग्रंथसंख्या यांची काळजीपूर्वक नोंद करतात. दारावरच्या वेळेच्या पाटीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक त्या पाटीच्या दोन ओळींत संस्थेचा स्वभाव पुरता उमटलेला असतो. ग्रंथालय कोणाची वाट पाहते आणि कोण पोहोचण्यापूर्वीच दार लावून घेते, हे ती पाटी निमूटपणे सांगत असते. रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या संदर्भात या पाटीचा इतिहास तपासावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सर्वसामान्य वाचकासाठी ग्रंथालय ठरावीक वेळी खुले ठेवण्याची कल्पना आपल्याला वाटते त्याहून जुनी आहे. इटलीतील मिलान येथे कार्डिनल फेदेरिको बोर्रोमेओ यांनी ८ डिसेंबर १६०९ रोजी अँब्रोसियन ग्रंथालय लोकांसाठी खुले केले. त्या काळी युरोपातील अनेक ग्रंथालयांत पुस्तके मेजाला साखळीने जखडलेली असत. येथे ती भिंतीलगतच्या कपाटांत मांडली गेली. येणाऱ्याला मागेल तो ग्रंथ मिळावा, बसायला जागा मिळावी, टिपणासाठी कागद, शाई व लेखणीही मिळावी, अशी व्यवस्था केली गेली. पुढे दोन शतकांनी आलेस्सांद्रो मान्झोनी या थोर कादंबरीकाराने 'ई प्रोमेस्सी स्पोझी' या आपल्या कादंबरीत या व्यवस्थेचा आवर्जून गौरव केला. ग्रंथ जपणे हे ग्रंथालयाचे अर्धेच काम; तो मागणाऱ्याच्या हाती वेळेवर पडणे हे उरलेले अर्धे, हे त्या धर्माधिकाऱ्याने ओळखले होते.

वेळेचा दुसरा संबंध प्रकाशाशी आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचे प्रख्यात वाचनदालन आगीच्या भीतीने अंधार पडताच बंद करावे लागे. १८७९ साली तेथे विजेचे दिवे आले, तेव्हा कोठे हिवाळ्यातील वाचकाला संध्याकाळ लाभली. जो दिवसभर पोटापाण्याच्या उद्योगात असतो, त्याच्यासाठी ग्रंथालयाचा खरा दिवस सूर्यास्तानंतरच सुरू होतो. म्हणून ग्रंथालय लोकांचे झाले की नाही, याची एक साधी कसोटी आहे : तेथे संध्याकाळी दिवा लागतो का?

महाराष्ट्रातील ग्रंथालयांची परंपराही चांगली दीर्घ आहे. रत्नागिरी येथे १८२८, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे १८३८, नाशिक येथे १८४०, पुणे येथे १८४८ आणि कोल्हापूर येथे १८५० अशी या परंपरेची पहिली पावले पडली. यांपैकी काही संस्थांचे मूळ नावच 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' असे होते. पुण्याच्या संस्थेमागे लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्यासारखे सुधारक उभे राहिले. तथापि या वाचनालयांचे वर्गणीदार प्रामुख्याने सरकारी नोकर, वकील, शिक्षक असे शहरातील सुशिक्षित होते. शेतकऱ्याला किंवा कातकऱ्याला तेथे कोणी मज्जाव करीत नसेलही. परंतु ज्याला अक्षरओळखच नव्हती, त्याला मज्जावाची गरजही नव्हती.

कर्जत-खालापूर परिसरात नव्या जगाचा शिरकाव आगगाडीने केला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. १८५४ मध्ये ती कल्याणला पोहोचली. १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत आले आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा अवघड चढ गाडीने पार केला. या रेल्वेमार्गावर ग्रंथालयेही क्रमाने उगवलेली दिसतात. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. केवळ मराठी ग्रंथांच्या संग्रहासाठी निघालेल्या या संस्थेमागे 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे यांची प्रेरणा होती. गमतीचा भाग असा, की त्याच्या दोनच वर्षे आधी, १८९१ साली, कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यातून काढून कुलाबा जिल्ह्याला जोडण्यात आला होता. खालापूर हा तेव्हा कर्जतचाच पेटा. १ जानेवारी १९८१ पासून कुलाब्याचे रायगड झाले. म्हणजे कचेरीची वाट अलिबागकडे आणि आगगाडीची वाट कल्याण-ठाण्याकडे, अशी या तालुक्यांची दुहेरी ओढ शंभराहून अधिक वर्षांची आहे. येथील वाचकाचे घड्याळही तेव्हापासून गाडीच्या वेळापत्रकाला बांधलेले आहे.

याच कर्जत तालुक्याच्या डोंगरमाथ्यावर माथेरान आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या दृष्टीस ते पडले. १९०५ साली तेथे नगरपालिका आली आणि १९०७ साली सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या खर्चाने नेरळहून छोटी गाडी वर चढू लागली. मोटारींना बंदी असलेल्या या गावात करसनदास मुळजी यांच्या नावाचे ग्रंथालय आहे. करसनदास (१८३२-१८७१) हे मुंबईचे गुजराती पत्रकार व समाजसुधारक. धर्माच्या आवरणाखाली चाललेल्या अनाचाराविरुद्ध त्यांनी लेखणी उचलली, त्यापायी १८६२ साली गाजलेल्या महाराज अब्रूनुकसानीच्या खटल्याला तोंड दिले आणि ते त्यातून सहीसलामत बाहेर पडले. अशा निर्भय वाचक-लेखकाचे नाव डोंगरमाथ्यावरील एका ग्रंथालयाने धारण करावे, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

आता प्रकाशाची कहाणी पाहू. टाटांचे जलविद्युत केंद्र खोपोलीला १९१५ साली सुरू झाले; भिवपुरीचे केंद्र १९२२ चे. घाटमाथ्यावरील तलावांत साठवलेले पावसाचे पाणी येथे खाली कोसळले आणि त्यापासून निघालेली वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे धावली. ज्या शेतांतून ते उंच मनोरे गेले, त्या शेतांच्या धन्यांच्या घरी मात्र चिमणीच मिणमिणत राहिली. खेड्यापाड्यांत वीज पोहोचायला स्वातंत्र्यानंतरची कित्येक वर्षे जावी लागली. रॉकेलच्या उजेडात संध्याकाळचे वाचनालय चालवणे म्हणजे तेलाचा हिशेब करीत वाचणे होय.

माथेरानला १९१२ साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी हा अंधार दोन्ही अर्थांनी जाणला होता. नाभिक समाजातला हा तरुण वकील झाला, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. पण त्याचे मन खालच्या गावांत गुंतले होते. शेतकरी आणि आदिवासी यांच्या मुलांसाठी त्यांनी स्वयंसेवी शाळा काढल्या, सावकारी पाशातून सुटका व्हावी म्हणून धान्यकोठीची योजना राबवली. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील यांना हौतात्म्य आले. मनोरे पाडणारा हाच माणूस त्याआधी अक्षरांचे दिवे लावीत फिरत होता, हे आपण सहसा विसरतो.

ग्रंथालय वाचकापर्यंत नेण्याचा देशातील पहिला मोठा प्रयोग एका मराठी संस्थानिकाने केला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणापाठोपाठ १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन तज्ज्ञास पाचारण करून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. त्यातली सर्वांत सुंदर योजना फिरत्या पेट्यांची. लाकडी पेटीत पुस्तके भरून ती गावोगाव पाठवली जात. गाव ग्रंथालयाकडे येऊ शकत नाही, तर ग्रंथालयाने गावाकडे जावे, हा त्यामागचा विचार. पुढे १९३१ साली डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी आपली पाच सूत्रे मांडली. ग्रंथ हे वापरासाठी असतात, या पहिल्या सूत्राच्या विवेचनात त्यांनी ग्रंथालयाच्या जागेबरोबर त्याच्या वेळांचाही विचार केला. भलत्या वेळी उघडणारे ग्रंथालय हे त्यांच्या दृष्टीने पुस्तकांचे कोठार होय.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली आला. या कायद्याचे वैशिष्ट्य असे, की त्याने लोकांवर ग्रंथालयाचा कर लादला नाही, आणि गावोगावची ग्रंथालये सरकारने स्वतः चालवायलाही घेतली नाहीत. लोकांनीच संस्था काढावी, वर्गणी गोळा करावी, आणि शासनाने अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार अनुदान द्यावे, अशी रीत पडली. त्यामुळे राज्यात ग्रंथालयांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात गेली, हे या व्यवस्थेचे यश. परंतु छोट्या गावच्या ग्रंथपालाच्या हाती पडणारे मानधन इतके तुटपुंजे राहिले, की त्याला उपजीविकेसाठी दुसरा उद्योग पाहावाच लागतो. मग दार उघडायचे ते त्याला सवड होईल तेव्हा. २०२२ साली राज्य शासनाने अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर केली; ती स्वागतार्ह असली तरी अनेक वर्षांचा अनुशेष एका निर्णयाने भरून निघत नाही. वेळेची पाटी आळसामुळे आखूड होत नाही, ती दारिद्र्यामुळे आखूड होते, हे ग्रंथपालाला बोल लावण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

आता आपल्या दोन तालुक्यांतला वाचक कोण, ते पाहा. कर्जतहून पहाटेची लोकल पकडून मुंबईला जाणारा चाकरमानी दोन-सव्वादोन तासांचा प्रवास करून रात्री परततो. खोपोलीच्या कारखान्यांतला कामगार पाळीनुसार कधी दिवसा मोकळा, कधी रात्री. संध्याकाळी पाच ते आठ ही कितीही सोयीची वाटणारी वेळ या दोघांना सारखीच गैरसोयीची. घरातल्या गृहिणीला सवड मिळते ती दुपारी, तेव्हा कुलूप असते. आणि कातकरी कुटुंबांचा प्रश्न तर घड्याळाचा नसून पंचांगाचा आहे. दिवाळी सरली की ती वीटभट्ट्यांच्या कामावर परजिल्ह्यांत निघून जातात, ती पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्या मुलांसाठी ग्रंथालय वर्षातले सहा-सात महिने बंदच असते, मग पाटीवर काहीही लिहिलेले असो. बडोद्याच्या त्या पेटीची आठवण होते ती येथे.

हातोहाती दूरध्वनी आला, त्यात सारे ज्ञान आले. मग ग्रंथालय कशाला हवे, असा प्रश्न हल्ली विचारला जातो. त्याचे उत्तर युक्तिवादाने देण्यापेक्षा घटनेने देता येते. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे ग्रंथालये बंद झाली. पुढे राज्य शासनाने त्यांना पुन्हा उघडण्याची मुभा दिली ती १५ ऑक्टोबर २०२० पासून. डॉ. अब्दुल कलाम यांचा हा जन्मदिवस महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. त्या महिन्यांत दूरध्वनी तर सर्वांच्या हाती होते. तरीही स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी अडला, कारण त्याला हवी होती दोन खोल्यांच्या घरात न मिळणारी शांतता आणि शेजारी वाचणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थ्याची सोबत. निवृत्त शिक्षक अडले, कारण त्यांना चार वर्तमानपत्रांइतकीच चार माणसे हवी होती. दिवाळी अंकांची वाट पाहणाऱ्या भगिनी अडल्या. १९०९ च्या 'मनोरंजन'पासून चालत आलेली ही परंपरा सामान्य कुटुंबाला परवडते ती वाचनालयाच्या वर्गणीमुळेच. पैसे न मोजता, कारण न सांगता, हवा तितका वेळ बसता येईल अशा सार्वजनिक जागा आपल्या गावांत किती उरल्या आहेत? देवालय, चर्च आणि ग्रंथालय. यादी फारशी लांबत नाही.

सातारा जिल्ह्यातील भिलारने २०१७ साली घराघरांत पुस्तके ठेवून 'पुस्तकांचे गाव' हा लौकिक मिळवला. तेथे घरे हीच ग्रंथालये झाली. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना एवढे मोठे साहस करण्याची आवश्यकता नाही. गावच्या वाचनालयाची वर्गणी भरावी. सभासद म्हणून वार्षिक सभेला जावे. आणि तेथे वेळेचा विषय काढावा. आठवड्यातून दोन दिवस रात्री नऊपर्यंत दार उघडे राहावे यासाठी पाळीपाळीने बसणारे चार स्वयंसेवक आपल्या तरुणांतून निघू शकतात. वाडीवर जाणारी पुस्तकांची एक पेटी आपल्या सभागृहात तयार होऊ शकते. यासाठी ना शासननिर्णय लागतो, ना मोठा निधी. लागते ती किल्ली सांभाळणारी माणसे.

शेवटची लोकल कर्जतला येते तेव्हा बाजारपेठ मिटलेली असते. एखाद्या दिवशी त्या गाडीतून उतरणाऱ्या माणसाला वाचनालयाचा दिवा लागलेला दिसला, तर या तालुक्यातून शंभर वर्षांपूर्वी बाहेर गेलेला प्रकाश थोडासा तरी परतला, असे म्हणता येईल.